पन्नास अश्वशक्तींसाठी सात वर्षे : लान्चिया डेल्टाची कथा

१/
१९८६ साली बाजारात आलेल्या लान्चिया डेल्टा एचएफ फोरडब्ल्यूडी या मोटारीचे इंजिन १६५ अश्वशक्तीचे होते. १९९३ मध्ये याच घराण्याची अखेरची आवृत्ती आली, तेव्हा तो आकडा २१५ झाला होता. सात वर्षांत वाढ पन्नासची! आज एखादा ट्यूनर लॅपटॉप जोडून दुपारभरात एवढी वाढ करून देण्याची हमी देतो. मग रॅलीच्या जगावर राज्य करणाऱ्या संघाला सात वर्षे का लागली? हा धागा त्या प्रश्नाचा.

२/
प्रथम मोटारीची ओळख. इटलीतील लान्चियाने १९७९ मध्ये डेल्टा आणली. जोर्जेत्तो जुजारो यांनी रेखाटलेली ही चौकोनी, पाच दारांची, मागे उचलून उघडणारे दार असलेली कुटुंबाची गाडी. १९८० चा ‘युरोपियन कार ऑफ द इयर’ हा सन्मान तिला मिळाला. अशा साध्या हॅचबॅकमध्ये दमदार इंजिन बसवले की तिला ‘हॉट हॅच’ म्हणतात.

३/
दम वाढवण्याचा एक मार्ग म्हणजे टर्बोचार्जर. मूळ कल्पना जुनी आहे: स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते, म्हणून शक्ती जास्त.

४/
पण हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचे टोक हाताला गरम लागते, तेच कारण इथेही. तापलेली हवा विरळ असते, म्हणजे दाबण्याचा निम्मा लाभ तिथेच गळतो. शिवाय अशा हवेत इंधन अवेळी पेट घेते. यालाच नॉकिंग म्हणतात, आणि ते पिस्टनचा घास घेऊ शकते. म्हणून मधे इंटरकूलर हवा: दाबलेली हवा थंड करणारी जाळी.

५/
साखळी इथे थांबत नाही. जास्त ज्वलन म्हणजे रेडिएटरवर, तेलावर, व्हॉल्व्हवर जास्त ताण. जास्त जोर म्हणजे क्लच आणि गिअरबॉक्सवर ओझे. जास्त वेग म्हणजे ब्रेक आणि टायर यांची परीक्षा. घोडा आणला की खोगीर, लगाम, दाणापाणी आणि तबेला हे सारे आलेच. अश्वशक्तीचेही तसेच आहे. डेल्टाचा इतिहास हा मुख्यतः या खोगीर-लगामाचा इतिहास आहे.

६/
त्या इतिहासाची पार्श्वभूमी रक्तरंजित आहे. १९८२ पासून जागतिक रॅलीत ‘ग्रुप बी’ हा वर्ग सुरू झाला. अट इतकीच की मोटारीच्या किमान २०० प्रती बनवाव्यात. दोनशे गाड्या विकण्यासाठी सामान्य ग्राहकाचा विचार करावा लागत नाही. त्यामुळे कंपन्यांनी केवळ शर्यतीसाठी जन्मलेली यंत्रे घडवली आणि त्यांच्यावर ओळखीची नावे चिकटवली.

७/
लान्चियाची डेल्टा एस४ ही त्यांपैकीच. तिचे डेल्टाशी साम्य नावापुरते आणि तोंडवळ्यापुरते. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, इंजिन प्रवाशांच्या मागे, आणि त्याला टर्बोच्या जोडीला सुपरचार्जरही. इंजिनाचा आकार १७५९ घनसेंमी. हा विचित्र आकडा नियमांतून आला: टर्बो इंजिनाचा आकार १.४ ने गुणून वर्ग ठरे, आणि गुणाकार २५०० च्या आत राहिला तर गाडी हलकी ठेवता येई.

८/
रॅलीतील एस४ ची शक्ती ४५० अश्वशक्तीच्या पुढे होती. नोव्हेंबर १९८५ मध्ये, ब्रिटनमधील पदार्पणाच्याच रॅलीत, हेन्री टोइवोनेन हा फिनिश चालक तिच्यातून जिंकला. जानेवारी १९८६ मध्ये मोंटे कार्लोही त्याने जिंकली. कागदावर पाहिले तर ट्यूनिंगच्या कलेचा हा कळस होता.

९/
मार्च १९८६ : पोर्तुगाल रॅलीत फोर्डची ग्रुप बी मोटार गर्दीत शिरली आणि प्रेक्षक मृत्युमुखी पडले. २ मे १९८६ : कोर्सिका बेटावरील ‘तूर द कोर्स’ रॅलीत टोइवोनेनची एस४ डावीकडच्या वळणावर रस्ता सोडून दरीत कोसळली आणि पेटली. तो आणि सहचालक सर्जिओ क्रेस्टो दोघेही गेले. बरोबर एक वर्ष आधी, २ मे १९८५ रोजी, याच रॅलीत लान्चियाचाच अत्तिलिओ बेत्तेगा मृत्यू पावला होता.

१०/
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जपून बोलावे. टोइवोनेनच्या अपघाताचे नेमके कारण कधीच सिद्ध झाले नाही. ‘शक्तीने बळी घेतला’ हे वाक्य म्हणून सोपे आणि निष्कर्ष म्हणून उतावळे. मात्र इंधनाच्या टाक्या आसनांखाली होत्या, हे सिद्ध आहे. वेगाची सोय विजेच्या गतीने झाली होती. माणसाला जिवंत राखण्याची सोय मागे पडली होती.

११/
आंतरराष्ट्रीय संघटना फिसा आणि तिचे अध्यक्ष झाँ-मारी बालेस्त्र यांनी निर्णय घेतला: १९८७ पासून ग्रुप बी बंद. यापुढे अजिंक्यपद ‘ग्रुप ए’ मधील मोटारींचे. नवी अट : बारा महिन्यांत किमान ५००० गाड्या बनवा. दोनशेच्या जागी पाच हजार! बदललेला हा एक आकडाच आपल्या कथेचा खरा नायक आहे.

१२/
का? कारण ग्रुप ए मध्ये शर्यतीची गाडी बाजारातल्या गाडीला बांधलेली होती. मोठा टर्बो, रुंद चाक, वेगळ्या घडणीचे इंजिन हवे असेल, तर त्याची सोय आधी विक्रीच्या मोटारीत करावी लागे. म्हणजे रॅलीच्या कार्यशाळेतील प्रत्येक अडचण थेट शोरूमपर्यंत पोहोचू लागली आणि तिथे पोलादात उमटू लागली.

१३/
लान्चिया तयार होती. १९८६ मध्येच तिने डेल्टा एचएफ फोरडब्ल्यूडी बाजारात आणली होती: मोठ्या ‘थेमा’ मोटारीवरून घेतलेले १९९५ घनसेंमीचे इंजिन, गॅरेट टर्बो, इंटरकूलर, चारही चाकांना गती. १९८७ च्या पहिल्याच मोंटे कार्लो रॅलीत मिकी बिआझिओन तिच्यातून जिंकला. वर्षअखेर कंपन्यांचे अजिंक्यपद लान्चियाकडे आणि चालकांचे यूहा कांक्कुनेनकडे गेले.

१४/
पण त्याच वर्षी कोर्सिकाने पुन्हा धडा दिला. वळणावळणांच्या त्या डांबरी रस्त्यांवर बेर्नार बेगँ हा फ्रेंच चालक बीएमडब्ल्यू एम३ मधून जिंकला. त्या गाडीला टर्बो नव्हता आणि गती केवळ मागच्या चाकांना होती. डेल्टाला कमी पडत होते ते इंजिन नव्हते.

१५/
कमी पडत होती जागा. चाकांवरील कमानी अरुंद होत्या, म्हणून रुंद चाक बसेना. चाक लहान, म्हणून त्याच्या आत मावणारी ब्रेकची चकतीही लहान. डांबरावर वेग कमावायचा तो वळणापूर्वी उशिरा ब्रेक लावून आणि टायरच्या पकडीवर. तिथे अश्वशक्ती मुकाट बसते. रॅलीतले उत्तर हवे तर आधी कुटुंबाच्या गाडीचा पत्रा बदलायला हवा होता.

१६/
आणि तो बदलला. १९८७ च्या अखेरीस आलेल्या ‘इन्तेग्राले’ आवृत्तीच्या कमानी बाहेर फुगल्या. चाके १४ इंचांवरून १५ इंचांवर गेली आणि पुढच्या ब्रेकच्या चकत्या मोठ्या झाल्या. ब्रेकचा मास्टर सिलिंडर, स्प्रिंग, शॉक अब्सॉर्बर नवे आले. इंजिनाला मोठा टर्बो, मोठा इंटरकूलर, नवे व्हॉल्व्ह, नवा पाण्याचा पंप. एवढ्या सगळ्यानंतर शक्ती किती वाढली? वीस. १६५ ची १८५.

१७/
या यादीतील प्रमाण पाहा. एका आकड्यामागे डझनभर सुटे भाग. जाहिरातीत आकडा छापला जातो. सुटे भाग सेवापुस्तिकेत राहतात. इन्तेग्राले मार्च १९८८ मध्ये पोर्तुगालमध्ये प्रथम उतरली आणि बिआझिओन जिंकला. १९८९ मध्ये कोर्सिकाही दिदिए ऑरिओलने इन्तेग्रालेतूनच जिंकली. ज्या बेटाने उणीव दाखवली होती, तिथेच ती भरून निघाली.

१८/
१९८९ मध्ये सोळा व्हॉल्व्हची आवृत्ती आली, शक्ती २००. इंजिनाचे नवे डोके उंच असल्याने बॉनेटच्या मध्यभागी उंचवटा आला. तो शोभेसाठी नव्हता. त्याखाली खरोखरच जागा हवी होती. सोबत शक्तीची वाटणीही बदलली: पुढच्या चाकांना ५६ टक्के जात असे, ते आता ४७ झाले आणि मागच्यांना ५३. जोर वाढला की तो कुठे पाठवायचा, हाही ट्यूनिंगचाच प्रश्न असतो.

१९/
१९९१ ची ‘एवोलुत्सिओने’ : शक्ती २१०. दोन्ही बाजूंच्या चाकांमधले अंतर वाढवले, ब्रेक पुन्हा मोठे झाले, पुढच्या सस्पेन्शनच्या दोन टोकांना जोडणारी आडवी पट्टी आली. अंगाने भरलेल्या या गाडीला इटालियन लोक लाडाने ‘डेल्टोना’, म्हणजे थोरली डेल्टा, म्हणू लागले.

२०/
१९९३ ची शेवटची आवृत्ती : २१५. वाढ पाचच, पण ती कमावणे अवघड होते. प्रदूषणाच्या नियमांमुळे धुराच्या वाटेत आता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर होता, म्हणजे इंजिनाच्या श्वासावर बंधन. तरीही शक्ती टिकवायची म्हणून नवा टर्बो बसवला आणि तो पाण्याने थंड ठेवला. ब्युखीच्या कल्पनेला जवळपास नव्वद वर्षे झाली होती. झगडा अजूनही उष्णतेशीच होता.

२१/
फळ काय मिळाले? १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षे कंपन्यांचे जागतिक अजिंक्यपद. ग्रुप ए डेल्टाचे ४६ जागतिक रॅली विजय. चालकांची चार अजिंक्यपदे : कांक्कुनेन १९८७ आणि १९९१, बिआझिओन १९८८ आणि १९८९. पाच हजारांची अट ओझे ठरेल असे वाटले होते. पण ग्राहकांनी ही गाडी त्या अटीच्या कितीतरी पट विकत घेतली.

२२/
म्हणून डेल्टाचे शरीर हे माझ्या मते एक दस्तऐवज आहे. शिलालेख वाचावा तसे ते वाचता येते. फुगलेली कमान म्हणजे कोर्सिकातील पराभव. बॉनेटवरचा उंचवटा म्हणजे सोळा व्हॉल्व्ह. पुढच्या जाळ्या आणि झरोके म्हणजे उष्णतेशी केलेला तह. शक्तीचा आकडा पत्र्यावर कुठेच दिसत नाही. त्याला पेलणारी व्यवस्था मात्र जागोजागी दिसते.

२३/
या परंपरेचा एक धागा आपल्या मातीपर्यंत येतो. एस४ आणि ग्रुप ए डेल्टा घडवणारा विभाग होता अबार्थ, १९७१ पासून फियाटच्या छत्राखालचा. त्याच अबार्थचे विंचवाचे चिन्ह लावलेली पुंटो २०१५ मध्ये पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यातून बाहेर पडली: १.४ लिटर टर्बो, १४५ अश्वशक्ती. आणि सोबत चारही चाकांना डिस्क ब्रेक, जमिनीच्या अधिक जवळ आणलेले अंग. शक्तीसोबत लगाम, ही शिकवण तिथेही दिसते.

२४/
दोनशेच्या नियमाने एस४ घडवली, पाच हजारांच्या नियमाने इन्तेग्राले. दोन्हींमागे कंपनी एकच होती आणि कसबही तेच. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी प्रत्येक वाढीची किंमत ब्रेक, चाके आणि थंडाव्यात आधी चुकती करावी लागली. पुढच्या वेळी कुणी ‘दुपारभरात पन्नास वाढवून देतो’ म्हणाला, तर एकच विचारा: बाकीची सात वर्षे कुठे आहेत?