विद्यापीठ आणि रुग्णालय : जॉन्स हॉपकिन्सचे उदाहरण

वैद्यकीय संशोधनाचा पाया प्रयोगशाळा व रुग्णशय्या यांच्या सान्निध्यात असतो. बाल्टिमोरचे व्यापारी जॉन्स हॉपकिन्स यांचे १८७३ मध्ये निधन झाले. त्यांच्या मृत्युपत्रान्वये सुमारे ७० लाख डॉलर विद्यापीठ व रुग्णालय यांत विभागले गेले. विद्यापीठ १८७६ मध्ये व रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले. परंतु रेल्वे समभागांचे उत्पन्न आटल्याने वैद्यकीय महाविद्यालय रखडले.

मेरी गॅरेट यांनी निधी दिला, तो स्त्रियांना समान प्रवेश आणि प्रवेशापूर्वी पदवी या अटींवर. १८९३ मध्ये महाविद्यालय उघडले. आनंदीबाई जोशी यांना १८८६ मध्ये फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या स्वतंत्र महाविद्यालयातून पदवी घ्यावी लागली होती, हे येथे स्मरणीय आहे. १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने हॉपकिन्सलाच आदर्श मानले. तात्पर्य, देणगीइतकीच तिच्यामागील अटही संस्थेची गुणवत्ता घडविते.