तळटीप : तंतूच्या दिव्याचा रोध आणि शक्ती
विभवांतर म्हणजे वाहकाच्या दोन टोकांमधील विद्युतदाबाचा फरक, जो व्होल्टमध्ये मोजतात, आणि धारा म्हणजे त्यातून दर सेकंदाला वाहणारा विद्युतप्रभार, जो अँपिअरमध्ये मोजतात. विभवांतराला धारेने भागले असता रोध ओहममध्ये मिळतो, तर दोहोंच्या गुणाकाराने शक्ती, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारी ऊर्जा, वॉटमध्ये मिळते. त्यानुसार २३० व्होल्टवर चालणारा १०० वॉटचा तंतूचा दिवा सुमारे ०.४३५ अँपिअर धारा घेतो व त्याचा रोध ५२९ ओहम भरतो. मात्र हा आकडा दिवा पेटलेला असतानाचाच होय, कारण तंतू ज्या टंगस्टनचा असतो त्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, आणि थंड तंतूचा रोध याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असल्यामुळे बटण दाबताच क्षणभर कितीतरी मोठी धारा वाहते. झिजलेले दिवे बहुधा त्याच क्षणी जातात. रोध असा बदलत असल्यामुळे जॉर्ज ओहमने १८२७ मध्ये मांडलेला, धारा विभवांतराच्या प्रमाणात असते हा नियम खोटा ठरतो, असे समजणे घाईचे होईल, कारण तो तापमान स्थिर असतानाच लागू होतो. पंख्यासारख्या प्रत्यावर्ती धारेवरील मोटारीत मात्र केवळ गुणाकाराने शक्ती काढू नये. तेथे प्रत्यक्ष शक्ती त्याहून कमी असते.