अकिलीस कंडरा तुटणे : निदान
पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी अकिलीस कंडरा, म्हणजे चिवट तंतूंचा जाड पट्टा, बहुधा टाचेच्या 2 ते 6 सेंमी. वर तुटते आणि त्या क्षणी मागून लाथ बसल्यासारखे रुग्णाला वाटते. घोट्याभोवतीच्या इतर कंडरा शाबूत असल्याने पाऊल खाली दाबता येते, रुग्ण लंगडत चालूही शकतो, आणि नेमक्या याच कारणाने ही गंभीर दुखापत साधी मुरगळ समजून सोडून दिली जाते. म्हणून रुग्णाला पालथे झोपवून, पावले पलंगाबाहेर मोकळी ठेवून पोटरी दाबून पाहणे अत्यावश्यक ठरते : कंडरा अखंड असल्यास पाऊल खाली वळते, पूर्ण तुटलेली असल्यास जवळजवळ हलत नाही. तुटल्या जागी बोटाला लागणारी खाच सुजेने बुजू शकते. शंका उरल्यास सोनोग्राफी किंवा एमआरआय करतात.