मुंबईचे फुटपाथवासी : १९८५ सालचे दोन दस्तऐवज

शहरातील बेघर माणूस म्हणजे भिकारी किंवा कामचुकार भटक्या, अशी एक सोयीची समजूत सुशिक्षित समाजात रूढ आहे. या समजुतीला कायद्याचाही आधार मिळाला. उपजीविकेचे दृश्य साधन नसलेला माणूस सार्वजनिक जागी भिकेवर जगत असावा असे वाटण्याजोग्या अवस्थेत वावरत असेल, तर १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने त्यालाही भिकाऱ्याच्या व्याख्येत बसवले. फुटपाथवरची माणसे प्रत्यक्षात कोण होती, कोठून व का आली, हे तपासायचे तर १९८५ साली मुंबईविषयी तयार झालेले दोन दस्तऐवज अव्वल दर्जाची साधने ठरतात. एक सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, दुसरी एका स्वयंसेवी संस्थेने केलेली गणना.

निकालामागची हकिकत अशी. १३ जुलै १९८१ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा शहराबाहेर पाठवण्याची घोषणा केली. दिवस भर पावसाळ्याचे होते. २३ जुलैला झोपड्या पाडून माणसे एस.टी.च्या गाड्यांत कोंबण्यात आली. पत्रकार ऑल्गा टेलिस, काही फुटपाथवासी आणि नागरी हक्कांच्या संघटना न्यायालयात गेल्या. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला.

कायद्याचे विद्यार्थी हा निकाल अनुच्छेद २१ साठी वाचतात, कारण जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो हे त्यात ठामपणे सांगितले गेले. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यातील अर्जदारांची माहिती अधिक मोलाची वाटावी. एक अर्जदार संगमनेरचा, चांभारकाम करणारा. दिवसाला सात-आठ रुपये मिळत. गावातले घर पडले, तेव्हा तो १९६९ मध्ये मुंबईत येऊन बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवरील जागेसाठी त्याने तिथल्या गुंडाला ३०० रुपये दिले; बांबू आणि प्लॅस्टिकला आणखी ७०० रुपये लागले. दुसरा तमिळनाडूतील सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळाने काम गेले म्हणून १९६१ मध्ये आला आणि दहिसरच्या एका रासायनिक कारखान्यात रोजंदारीवर लागला. पश्चिम द्रुतगती मार्गाच्या कडेला ताडपत्रीच्या आसऱ्यासाठी त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले गेले. १९८१ च्या कारवाईत त्याला कुटुंबासह सेलमला धाडण्यात आले. बायको-मुली तिथेच राहिल्या. तो कामासाठी मुंबईला परतला आणि पुन्हा फुटपाथवरच राहू लागला.

बेघरपणाची कारणे याहून स्पष्टपणे क्वचितच मांडली गेली असतील. गावात जमीन नाही, शहरात काम आहे पण त्या मजुरीत भाड्याची खोली मिळत नाही, आणि फुटपाथही फुकट नाही. कामाच्या ठिकाणापासून दूर राहणे या माणसांना परवडत नाही, म्हणून फुटपाथ सुटला की रोजगारही सुटतो, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही फुटपाथवर अतिक्रमण करण्याचा हक्क कोणालाही नाही, असेच शेवटी ठरले. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, मुदत मिळाली. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती त्यांना मालवणी किंवा अन्य सोयीच्या ठिकाणी पर्यायी जागा द्यावी, असेही सांगितले गेले. निदान करताना न्यायालयाने जी समज दाखवली, ती उपायात उतरली नाही.

त्याच वर्षी 'स्पार्क' या संस्थेने मुख्यतः भायखळा परिसरातील आणि काही प्रमुख रस्त्यांवरील फुटपाथवासीयांची गणना केली. सुमारे ६,००० कुटुंबे, २७,००० माणसे. अहवालाचे नाव होते 'वी, द इनव्हिजिबल'. ही माणसे कालपरवा आलेली नव्हती, बहुतेक राबून खाणारी होती आणि कामावर पायी जात होती. भायखळ्याच्या काही गल्ल्यांत बिहारमधून आलेल्या मुस्लिम कुटुंबांची वस्ती होती. तिथल्याच स्त्रियांतून १९८६ मध्ये 'महिला मिलन' उभे राहिले. त्यांच्या मागण्यांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. घराच्या आधी रेशनकार्ड हवे होते, कारण पत्ता नसेल तर रॉकेल आणि धान्य दुकानदार म्हणेल त्या भावाने घ्यावे लागे. पुढे घराचा आराखडाही त्यांनीच केला. खोलीची उंची साडीने मोजून चौदा फूट ठरवली, म्हणजे आत पोटमाळा काढता येईल.

आपल्या परंपरेत निवाऱ्याचा विचार नव्हता असे नाही. जकातीच्या आठ हक्कदारांत 'इब्नुस्सबील', म्हणजे वाटसरू, आहे. सराया आणि मुसाफिरखाने त्याच भावनेतून उभे राहिले. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना हज यात्रेकरूंसाठी होता. परंतु वाटसरूला परतायला घर असते. वीस-वीस वर्षे एकाच फुटपाथवर राहणाऱ्या हमालाची गरज वाटसरूच्या चौकटीत मावत नाही, याकडे वक्फ आणि जकातीच्या चर्चेत पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

१९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फुटपाथवासीयांचाही समावेश झाला. १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा ही अट होती. रेशनकार्डाचे मोल तेव्हा सर्वांना कळले. पण योजना झोपडीची दखल घेत होती. हातगाडीवर वा दुकानाच्या फळीवर एकटा झोपणारा मजूर तिच्या बाहेरच राहिला. जनगणनेत अशा छप्पर नसलेल्यांची नोंद एका रात्रीत, २८ फेब्रुवारीला, होत असे. २००१ मध्ये देशाच्या शहरी भागात सुमारे ७.७८ लाख बेघर नोंदले गेले. २०११ मध्ये ९.३८ लाख. याच दशकात ग्रामीण आकडा मात्र घटला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा उभारण्यास सांगितले. तो निवारा केवळ रात्रीपुरता नव्हे, चोवीस तास उघडा असावा असेही सांगितले, कारण रात्रपाळी करून आलेल्या कामगाराला झोप दिवसाच घ्यावी लागते.