सव्वा महिन्याचा हिशेब

दिवाळीच्या अंकात दुखण्याचा विषय निघाला की वाचक पान उलटतो, हे ठाऊक असूनही एका दुखण्याचा इतिहास येथे मांडावयाचा आहे. वैद्य त्याला गर्भाशयभ्रंश म्हणतात. घरोघरच्या बायका मात्र, सांगितलेच तर खालच्या आवाजात, 'अंग बाहेर येते' एवढेच म्हणतात.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचे एक विणकाम असते. बाजेची सुतळी निजलेल्या माणसाला तोलून धरते, तसे ते मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तोलून धरते. बाळंतपणात हे विणकाम ताणले जाते. ते आवळून येण्याच्या आत डोक्यावर घागर चढली, चुलीच्या धुराने खोकला जडला, बद्धकोष्ठाने कुंथावे लागले, की बाज झोळ धरते. चाळिशी-पन्नाशीनंतर, पाळी गेल्यावर, उरलेली सुतळीही ढिली होते आणि आतला अवयव खाली उतरू लागतो.

दुखणे नवे नाही. चरक आणि सुश्रुत या दोघांनीही वीस योनिव्यापदे सांगितली आहेत. जागेवरून ढळलेला हा अवयव स्त्रीला शल्यासारखा सलतो, असे जाणून चरकसंहिता स्नेहन, स्वेदन करून तो हलक्या हाताने पूर्ववत बसविण्यास सांगते. ग्रीक वैद्यांचे उपाय अधिक धाडसी होते. ते रुग्णेला शिडीला उलटी बांधून हलवीत. अर्धे डाळिंब आत बसवून आधार देण्याची तोडही त्यांच्याकडे होती.

आपल्या घरांनी ग्रंथ न उघडता एक उपाय शोधला होता, तो म्हणजे सव्वा महिना. पोट बांधणे, शेकशेगडी, डिंकाचे आणि आळिवाचे लाडू, आणि जड कामाला हात न लावणे. या चालीत कोंदट अंधारी खोली होती, विटाळ होता. त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. आजचे डॉक्टर बाळंतिणीला लवकरच उठवून चालवितात. परंतु 'घागर उचलू नकोस' हे आजीचे वाक्य ते खोडीत नाहीत.

प्रश्न एवढाच, की हा सव्वा महिना कोणाच्या वाट्याला येई? जिच्या घरी पाणी भरणारे दुसरे हात होते, तिच्या. मजुरीवर जाणारीला तो परवडत नसे. 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. अशा गिरण्यांत बायकाही राबत, आणि बाळंतपणाचे दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. 1924 साली ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आणले. ते टिकले नाही. 1928 साली मुंबई कौन्सिलात असेच विधेयक आले, तेव्हा बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ठासून मांडले. 1929 साली मुंबई इलाख्यात कायदा झाला, आणि 1930 साली, नागपूर जिची राजधानी होती त्या मध्यप्रांतातही. आजीचा सव्वा महिना प्रथमच सरकारी कागदावर उतरला, पण कारखान्यापुरता. धानाच्या बांधीत वाकून रोवणी करणारीला त्याचा उपयोग नव्हता.

इकडे वैद्यकही पुढे सरकत होते. गोव्यातील शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (1899–1971) यांनी मुंबईत, गर्भाशय काढून न टाकता त्याला झोळीसारखा आधार देऊन वर बांधण्याची शस्त्रक्रिया बसविली. 1948 साली अमेरिकेतील डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी याच स्नायूंचा व्यायाम शास्त्रापुढे ठेवला. आपल्याकडील हठयोगात मूलबंध आणि अश्विनीमुद्रा होत्याच. लोणावळ्याच्या कैवल्यधामात, 1924 पासून, स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली यांच्या वेळी पोटातील दाब कसा उतरतो हे यंत्राने मोजले. नागपुरात 1951 साली जनार्दनस्वामींनी योगाभ्यासी मंडळ काढून योगासने सामान्य घरांपर्यंत नेली. 2014 साली 'लॅन्सेट'मध्ये 447 स्त्रियांवरील एक चाचणी छापून आली. तळाच्या स्नायूंचा व्यायाम नीट शिकवून करवून घेतल्यास त्रास कमी होतो, असे तिने दाखविले.

मग उणे कुठे राहिले? नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. राणी बंग यांनी सहकाऱ्यांसह गडचिरोलीच्या दोन गावांतील 650 स्त्रिया तपासल्या. 1989 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: शंभरांत 92 जणींना स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या अवघ्या आठ. उपाय नव्हते म्हणून नव्हे, बोलता येत नव्हते म्हणून बायका सोसत होत्या.

आज सांगण्यासारखे ते थोडके आहे. ओझे उचलताना श्वास सोडावा, तळाचे स्नायू वर ओढून धरावेत आणि वस्तू अंगालगत ठेवावी. श्वास कोंडून कुंथू नये. भाजी, ताक, पाणी पोटात जाऊ द्यावे. जुना खोकला अंगावर काढू नये, वजन आटोक्यात ठेवावे. कण्यावर पोक काढून तासन्‌तास बसू नये. दुपारी कमरेखाली उशी घेऊन घटकाभर पडावे. स्नायू आवळण्याचा व्यायाम जाणकाराकडून शिकून निदान तीनचार महिने नेमाने करावा. दुखणे थोडे असेल तर याने आराम पडतो. अंग पुरते बाहेर आले असेल तर व्यायामाने परत जात नाही. त्याला आधाराचे कडे किंवा शस्त्रक्रिया लागते. रक्त जात असेल, लघवी अडत असेल, तर आसनांच्या भरवशावर न राहता डॉक्टरांकडेच जावे.

पण 'वाकू नकोस, उचलू नकोस' हा उपदेश एकटीला करून भागत नाही. तिने खाली ठेवलेली घागर दुसऱ्या कोणी उचलावी लागते. दिवाळीत माळ्यावरचे डबे काढणे, भिंती झाडणे, फराळासाठी पहाटेपासून पाटावर बसणे, हे सारे बहुधा एकाच पाठीवर पडते. यंदा ते डबे घरातल्या तरण्या मुलांनी उतरवावेत. आणि आई किंवा सासू काही सांगू पाहत असेल, तर फटाक्यांचा आवाज थांबल्यावर तिच्याजवळ घटकाभर बसावे.