रुई गेली, पऱ्हाटी राहिली: माळव्याच्या मातीचा हिशेब

उज्जैनचे जुने शहर क्षिप्रेच्या काठी, तर फ्रीगंज रेल्वेच्या रुळांपलीकडे वसलेले. माधवराव शिंद्यांच्या नावाने माधवनगर म्हणूनही ओळखली जाणारी ही सरळ रस्त्यांची पेठ शिंदेशाहीतल्या नव्या उज्जैनची खूण आहे. शहराचा व्यापार मात्र त्याहून जुना. तो उभा राहिला माळव्याच्या काळ्या जमिनीतून पिकणाऱ्या मालावर: आधी अफू, मग कापूस, अलीकडे सोयाबीन. पीक बदलले की बाजार बदलला, सावकारी बदलली, गिरण्या आल्या आणि गेल्या. या सगळ्या उलाढालीत मातीचे काय झाले, हा प्रश्न बाजाराच्या वहीत कुठेच मांडलेला नसे.

अफूच्या काळात माळव्याचा माल इंदूर-उज्जैनच्या पेढ्यांमार्फत मुंबईला आणि तिथून चीनला जाई. खसखशीच्या पिकाला विहिरीचे पाणी आणि भरपूर खत लागे, त्यामुळे गावाजवळच्या ओलिताच्या वावरांत शेणखत जिरे आणि दूरच्या कोरडवाहू रानाला फारसे काही मिळत नसे. १९०७मध्ये ब्रिटन व चीन यांच्यात करार झाला, निर्यात टप्प्याटप्प्याने आटत गेली, आणि माळव्याच्या अर्थकारणात कापसाचे वजन वाढले. उज्जैनमध्ये कापडगिरण्या चालू लागल्या. मालवाहतुकीला रेल्वे होतीच.

याच काळात शेजारच्या होळकरांच्या इंदुरात पॅट्रिक गेडिस आले. ते मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, स्कॉटलंडमधील डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. पुढे १९१९मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक झाले ते हेच. इंदूर दरबारासाठी त्यांनी लिहिलेला नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल १९१८मध्ये छापला गेला. मैला आणि कचरा महागड्या गटारांतून वाहून घालवण्यापेक्षा तो बागांच्या मातीत परत घालावा, असा आग्रह त्यात आहे. माणसाची सगळी संपत्ती शेवटी हिरव्या पानावर उभी आहे आणि पैसा हे तिचे केवळ मोजमाप आहे, ही त्यांची धारणा होती. शहराकडे पाहतानाही ते अंगण, नदी, आरोग्य आणि उत्पन्न यांना एकाच गोष्टीचे भाग मानत.

हाच विचार शेताच्या बांधावर नेऊन सिद्ध करण्याचे काम अल्बर्ट हॉवर्ड यांनी केले. १९०५पासून ते बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ होते. पत्नी गॅब्रिएल या वनस्पतींच्या शरीरक्रियांच्या अभ्यासक. दोघांनी मिळून गव्हावर मोठे काम केले होते. पिकांची जात सुधारणारा एक, माती पाहणारा दुसरा, कीड पाहणारा तिसरा अशी संशोधनाची वाटणी त्यांना खटकत असे, कारण शेतात या गोष्टी वेगळ्या नसतात. १९२४मध्ये इंदुरात ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ स्थापन झाली. जमीन, सुमारे ३०० एकर, होळकर दरबाराने दिली, तर पैसा मध्यवर्ती कापूस समिती आणि मध्य भारतातील संस्थाने यांच्याकडून आला. हॉवर्ड तिचे संचालक झाले.

हॉवर्ड आणि संस्थेतील रसायनज्ञ यशवंत वाड यांच्या प्रयोगांचे मर्म समजण्यासाठी कापसाच्या झाडाकडे पाहावे लागते. रुई म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. झाड ते हवेतील कार्बन आणि पाणी यांपासून बनवते. मातीतून उचललेले नत्र, स्फुरद, पालाश रुईत नगण्य असते. ते पानांत, पऱ्हाट्यांत आणि सरकीत उरते. म्हणजे शेतकऱ्याने रुई विकली तर माती फारशी उणी होत नाही. पऱ्हाट्या चुलीत गेल्या, शेणाच्या गोवऱ्या झाल्या आणि सरकीची पेंड परदेशी गेली, की मात्र जमिनीचे भांडवल हलते. भाव मिळतो रुईला, आणि शेत टिकते ज्याला भाव नाही त्यावर.

संस्थेत पऱ्हाट्या आणि तुराट्या शेतरस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चेचून घेत. मग पाला व तण यांच्यासह त्या गोठ्यात बैलांखाली अंथरत. त्यात शेण, मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख मिसळून ते ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि सुमारे २ फूट खोल खड्ड्यांत भरत. सुरुवातीला कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण ३३ला १ ठेवायचे, ओल सांभाळायची, हवा खेळण्यासाठी तीनदा उलथापालथ करायची, की तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार होई. मधल्या काळात ढिगाचे तापमान ६५ अंशांच्या आसपास चढे. चीनमधील शेतकऱ्यांची जुनी रीत हॉवर्डना अमेरिकी शेतीतज्ज्ञ किंग यांच्या पुस्तकातून कळली होती. तिला रसायनशास्त्राच्या मोजमापाची जोड मिळाली आणि ‘इंदूर पद्धत’ जन्मली. तिचे सविस्तर वर्णन हॉवर्ड-वाड यांच्या १९३१मधील पुस्तकात आहे. या पद्धतीची चर्चा होते तेव्हा हॉवर्डांचेच नाव पुढे येते, वाडांना त्यांचा वाटा क्वचितच मिळतो.

हॉवर्ड १९३१मध्येच निवृत्त झाले. १९३४मध्ये संस्थेतील जॅक्सन आणि वाड यांनी गावा-शहरांतील मैला-कचऱ्याला हीच पद्धत लावून दाखवली. गेडिस यांनी नगररचनेच्या अहवालात मांडलेली गोष्ट अशी प्रयोगात उतरली. १९३५मध्ये गांधीजींनी संस्था पाहिली. पुढे विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजवणारी विटांची हवेशीर टाकी बसवली. त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाणारी ही टाकी मध्य प्रदेशातही पसरली.

दरम्यान उज्जैनच्या गिरण्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंदावत जाऊन बंद पडल्या. माळव्यातील भारी काळी जमीन पूर्वी पावसाळ्यात बहुधा पडीक ठेवत आणि मुरलेल्या ओलीवर गहू-हरभरा घेत. १९७०च्या दशकापासून त्या पडीक खरिपात सोयाबीन आले. त्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र बांधतात. तेलात मातीचे जवळजवळ काही नसते, पण तेल काढून उरलेल्या पेंडीत नत्र आणि स्फुरद भरलेले असते, आणि तिचा मोठा भाग कोंबडीखाद्य म्हणून दूरवर व परदेशी जातो. स्फुरद हवेतून परत येत नाही. तो खताच्या पोत्यांतून विकत आणावा लागतो. रब्बीत गहू यंत्राने कापल्यावर उभी राहिलेली धसकटे, ज्यांना माळव्यात नरवाई म्हणतात, अनेक ठिकाणी सरकारी मनाई असूनही पेटवली जातात. काडीतले बहुतेक नत्र धुरात जाते, पालाश आणि थोडा स्फुरद राखेत उरतो, आणि गाडीच्या चाकाखाली चेचून खड्ड्यात पुरावे असे काही शेतात शिल्लक राहत नाही.