खाडी, घाट आणि जंक्शन : कल्याण नगराचा इतिहास

राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत आणि बदलापूर मागे टाकून कल्याणजवळ पोहोचते, तेव्हा काळू नदी तिला मिळते आणि तेथून पुढे तिचे खाडीत रूपांतर होते. खाडी म्हणजे नदीमुखातून भरतीचे पाणी जमिनीत दूरवर शिरते तो पट्टा. कल्याण उघड्या समुद्रापासून बरेच आत असल्याने वादळवाऱ्यापासून सुरक्षित होते आणि भरतीच्या पाण्यावर गलबते थेट धक्क्याला लागत. पाठीशी नाणेघाट, बोरघाट आणि थळघाट या देशावरून उतरणाऱ्या वाटा होत्या. घाट उतरून आलेल्या बैलांच्या पाठीवरचा माल जेथे गलबतात चढे, ते ठिकाण म्हणजे कल्याण. या नगराचे सारे भाग्य आणि दुर्भाग्य या एका भौगोलिक वस्तुस्थितीतून घडत आले आहे.

सातवाहन काळात जुन्नर ते कल्याण या मार्गावर नाणेघाट हा महत्त्वाचा टप्पा होता आणि त्या घाटातील गुहेत सातवाहन राणी नागनिका हिचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा येतो. एकेकाळी येथे कायदेशीर बाजारपेठ होती, परंतु पुढे सत्तापालट झाल्यावर या बंदरात शिरणारी ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला नेली जात, असे हा ग्रंथ सांगतो. भडोच तेव्हा मध्य आशियातून आलेल्या शकांच्या, म्हणजे क्षत्रप राजांच्या ताब्यात होते. त्यामुळे सातवाहन आणि क्षत्रप यांच्या संघर्षात या बंदराची कोंडी झाली, असा त्याचा अर्थ लावला जातो. त्या काळच्या नगरजीवनाचा सर्वांत जवळून दिसणारा पुरावा मात्र कान्हेरीच्या लेण्यांत आहे. तेथील लेखांत कल्याणचे व्यापारी आणि कारागीर दाते म्हणून येतात, आणि सामिदत्त नावाच्या कल्याणच्या सोनाराने भिक्षूंसाठी ‘पानियपोढी’, म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके, दान दिल्याची नोंद आहे. राजांच्या लढायांनी बंदराचे नशीब हेलकावे खात असताना एका सोनाराच्या मिळकतीतून सार्वजनिक पाण्याची सोय व्हावी, ही या नगराच्या वृत्तीची फार जुनी साक्ष आहे.

सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवासी लेखकाने कल्याणला मोठे व्यापारी केंद्र म्हटले असून, तेथे इराणमधून नेमलेला ख्रिस्ती बिशप असल्याचे नोंदवले आहे. पुढे शिलाहार राजांच्या काळात ‘श्रीस्थानक’, म्हणजे आजचे ठाणे, राजधानी म्हणून वर आले आणि कल्याण मागे पडले. या नगराला पुन्हा राजकीय वजन आले ते 1657 मध्ये, जेव्हा शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून कल्याण-भिवंडी जिंकून घेतली आणि याच खाडीत मराठी आरमाराच्या पहिल्या जहाजांची बांधणी सुरू झाली. खाडीकाठचा दुर्गाडी किल्ला त्या पर्वाची खूण आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबई हेच मुख्य बंदर झाले, तेव्हा कल्याणचे महत्त्व संपण्याची चिन्हे होती. परंतु त्याच घाटवाटांनी त्याला पुन्हा तारले. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली रेल्वे धावली आणि 1 मे 1854 रोजी ठाण्याची खाडी ओलांडून ती कल्याणला पोहोचली. 1863 मध्ये बोरघाटातून पुण्याचा आणि 1865 मध्ये थळघाटातून इगतपुरीचा मार्ग खुला झाल्यावर, जेथे पूर्वी बैल आणि गलबते भेटत, तेथे दोन लोहमार्गांचे जंक्शन उभे राहिले. फाळणीनंतर जवळच्या ‘कल्याण कॅम्प’ या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि 1949 मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे कल्याण आणि डोंबिवली मिळून 1983 मध्ये महानगरपालिका स्थापन झाली.

रेल्वेने माणसे आणली, पण त्यांना नागरिक केले ते संस्थांनी. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 मध्ये, म्हणजे या गावी डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म झाला त्याच्या आदल्या वर्षी, सुरू झाले. शेजारच्या ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे, तर कल्याण गायन समाज 1926 चा. डोंबिवलीत 1999 पासून निघणाऱ्या गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेचे महाराष्ट्रभर अनुकरण झाले. नोकरीसाठी रोज मुंबईला जाणाऱ्या चाकरमान्यांच्या वर्गणीवर आणि रविवारच्या वेळेवर ही सार्वजनिकता उभी राहिली, म्हणून तिला केवळ उपनगराची करमणूक मानणे अन्यायाचे ठरेल.

कल्याणला राजाश्रय कधी मिळाला, कधी हिरावला गेला. टिकली ती त्याची जागा आणि नागरिकांची दानत. त्यांपैकी जागेचे मूळ असलेली खाडी आज सांडपाण्याने आणि भरावाने आक्रसत आहे. वाचनालये जपणाऱ्या या शहरांनी तीच आस्था खाडीलाही दिली पाहिजे, कारण ती गेली तर कल्याण येथेच का वसले, याचे उत्तर देणारा सर्वांत जुना पुरावा नष्ट होईल.